फायबरचे एसटी-एससी कनेक्टर काढून एलसी बसवायचे आहेत: हत्यारं कोणती, पद्धत कोणती?

रॅक_सात (धागाकर्ता)

कारखान्यातलं जुनं फायबर नव्या स्विचवर घ्यायचं आहे. नवे स्विच सगळे एसएफपीवाले (घालता-काढता येणारी छोटी ऑप्टिकल मॉड्यूल), म्हणजे एलसी (छोटा कनेक्टर). सध्याची परिस्थिती अशी:

ऑफिस ते प्लँट: १२ कोअर (काचेचे तंतू) मल्टिमोड (जाड गाभ्याचं, कमी अंतराचं), केबलवर ६२.५/१२५ छापलेलं (आतला गाभा/पूर्ण काच, मायक्रॉनमध्ये), लांबी १८० मीटर, दोन्ही टोकांच्या एलआययूत (फायबरची टोकं बसवायची पेटी) एसटी (जुने गोल कनेक्टर).
ऑफिस ते गोदाम: ६ कोअर सिंगलमोड (बारीक गाभ्याचं, लांब अंतराचं), १.४ किलोमीटर, दोन्हीकडे निळे एससी (चौकोनी कनेक्टर).

आत्ता सगळं १ गिगावर चालवायचंय. प्लँटची लाईन पुढे १० गिगावर नेता आली तर हवी आहे. एलसी बसवायला कोणकोणती हत्यारं लागतील? मेकॅनिकल कनेक्टर घ्यावेत, की स्प्लायसिंग मशीन (काच वितळवून जोडणारं) भाड्याने आणून पिगटेल (एका टोकाला कनेक्टर बसवून आलेला फायबरचा तुकडा) जोडावेत? नेमक्या संख्या आणि कामाचा क्रम कळला तर खरेदीची यादी करता येईल.

जोडकाम

यादीआधी दोन्ही एलआययूंची झाकणं उघडून आत बघा. दोनपैकी एक गोष्ट दिसेल.

केबलचे कोअर ट्रेमध्ये पिगटेलला जोडलेले असतील आणि पिगटेलच्या टोकाला एसटी असेल, तर काम सोपं आहे. जुना जोड कापायचा, एलसीचा पिगटेल लावायचा. ट्रेमधला लूप कामी येतो.

दुसरी शक्यता अशी की केबलच्याच कोअरवर ९०० मायक्रॉनची नळी चढवून एसटी थेट चिकटवलेला आहे. जुन्या कामांत हे पुष्कळ दिसतं. मग कनेक्टरच्या बुटामागे (मागची रबरी बाही) कापावं लागतं आणि मागे लूप किती उरलाय त्यावर पद्धत ठरते. फसलेला प्रत्येक प्रयत्न तीन-चार सेंटीमीटर खातो. लूप अर्ध्या मीटरपेक्षा कमी असेल तर कोअर मशीनपर्यंत नेणं आणि नंतर ट्रेत दोन वेढे देऊन बसवणं जिकिरीचं होतं.

दोन्ही टोकांचे फोटो टाका, किंवा नुसतं सांगा: ट्रे आहे का आणि लूप किती.

नेटवर्कवाली

गोदामाच्या लाईनला कात्री लावू नका. सिंगलमोड, निळा एससी, १.४ किलोमीटर. एससी-एलसी डुप्लेक्स (दोन फायबरची) पॅच कॉर्ड घ्या, दोन्ही बाजू यूपीसी (सरळ घासलेलं तोंड). एका लिंकला दोन कॉर्ड, काम संपलं. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.४ डीबी (डेसिबल, प्रकाशाच्या तोट्याचं माप) धरलं तरी केबलचा तोटा ०.५६ डीबी. हीच लाईन एलआर मॉड्यूलवर १० गिगाही सहज घेते, कारण ते मॉड्यूल १० किलोमीटरसाठी बनलेलं असतं. कॉर्ड लावण्याआधी जुन्या एससींची तोंडं आणि अडॅप्टरची (दोन कनेक्टर समोरासमोर जोडणारा) आतली बाही मात्र साफ करा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पोर्टांत धूळ बसलेली असतेच.

खरेदी करताना हिरवा एलसी घेऊ नका. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळ्या यूपीसीसमोर तो बसवला की मधे हवेची फट राहते, तोटा कित्येक डीबीने वाढतो आणि दोन्ही तोंडांवर ओरखडे पडू शकतात.

प्लँटच्या लाईनबद्दल स्पष्ट सांगते: कनेक्टर बदलून ती १० गिगाची होणार नाही. ६२.५/१२५ म्हणजे ओएम१ (मल्टिमोडची जुनी जात). त्यावर १०जीबेस-एसआर (१० गिगाचं नेहमीचं मल्टिमोड मॉड्यूल) फक्त ३३ मीटर जातं, तुमची लाईन १८० मीटर. १ गिगाचं एसएक्स मॉड्यूल मात्र २०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर बँडविड्थच्या ओएम१ वर २७५ मीटरपर्यंत चालतं, त्यामुळे आजची गरज भागते. १० गिगासाठी एलआरएम मॉड्यूल हा एक मार्ग आहे. तो २२० मीटरपर्यंत जातो, पण ओएम१ वर मोड कंडिशनिंग पॅच कॉर्ड (प्रकाश गाभ्याच्या मध्यापासून जरा बाजूला सोडणारी) लागते. शिवाय एलआरएमचा सिग्नल सावरणारं सर्किट स्विचच्या पोर्टमध्ये असावं लागतं आणि ते प्रत्येक एसएफपी-प्लस (१० गिगाच्या एसएफपीच्या) पोर्टमध्ये नसतं. माझं मत विचाराल तर १० गिगाची खात्रीने गरज पडणार असेल तर त्याच पाइपातून नवी सिंगलमोड ओढा आणि जुन्या १२ कोअरवर कमीत कमी खर्च करा.

रॅक_सात

बघितलं. ऑफिसच्या बाजूला ट्रे आहे, पिगटेल जोडलेले आहेत, ट्रेत प्रत्येक कोअरचा लूप मीटरभर. प्लँटच्या बाजूला ट्रे नाही, एसटी थेट चिकटवलेले, मागे जेमतेम ३०-३५ सेंटीमीटर. १० गिगासाठी नवी सिंगलमोड ओढायचं पुढच्या वर्षावर टाकतो. तोवर ही १२ कोअर १ गिगावर नीट चालायला हवी.

जोडकाम

मग दोन टोकांना दोन वेगळ्या पद्धती. ऑफिसला पिगटेल, प्लँटला स्प्लाइस-ऑन कनेक्टर (मशीनवर वितळवून जोडायचे) किंवा चांगल्या बनावटीचे मेकॅनिकल कनेक्टर (मशीनशिवाय पकडून बसवायचे).

आधी दोन्हीकडे लागणारी हत्यारं:

तीन भोकांचा स्ट्रिपर. पहिलं भोक ३ मिलिमीटरच्या जॅकेटसाठी, दुसरं ९०० मायक्रॉनच्या बफरसाठी, तिसरं २५० मायक्रॉनच्या कोटिंगसाठी. दोन भोकांच्या स्ट्रिपरने जॅकेट काढताना लोक चाकू वापरतात आणि आतल्या कोअरला खाच पडते. ती खाच त्या दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी कोअर तिथेच तुटतो.

केव्हलरची कात्री. साध्या कात्रीने पिवळा धागा चावल्यासारखा तुटतो आणि त्याची पिसं क्रिंपच्या आत शिरतात.

क्लिव्हर, म्हणजे काच सरळ कापणारं हत्यार. सगळ्यात जास्त पैसा इथे घाला. पेनासारख्या हाती खरवडणीने फायबर कापून मेकॅनिकल कनेक्टर बसवणं म्हणजे मुद्दाम तोटा ओढवून घेणं. टेबलावर ठेवायचा, गोल पात्याचा क्लिव्हर हवा. त्याच्या पात्याला साधारण १६ जागा असतात. कापाचा कोन बिघडू लागला की पातं एक घर पुढे फिरवायचं. भाड्याने घेताना पातं कितव्या घरावर आहे आणि उंची किती वेळा वाढवलीय हे देणाऱ्याला विचारा. शेवटच्या घरावरचा क्लिव्हर घेऊन २४ जोड करायला बसू नका.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असतं, ते काचेवर डाग ठेवतं. पंपाची बाटली आणि धागे न सोडणारे पुसणे. कापूस आणि टिश्यू पेपर नको.

काचेचे तुकडे टाकायला झाकणाची बाटली, काळी चटई, चष्मा. काम चालू असताना त्या टेबलावर चहासुद्धा नको. कपात किंवा बोटात गेलेला तुकडा शोधता येत नाही.

ऑफिसच्या टोकाला १२ कोअर म्हणजे १२ एलसी पिगटेल (६२.५ चे, यावर पुढे लिहितो), जोडावर चढवून गरम करायच्या ६० मिलिमीटरच्या संरक्षक नळ्या १५, एलसी डुप्लेक्स अडॅप्टर ६. प्लँटला १२ कनेक्टर अधिक दोन-तीन जादा, आणि अडॅप्टर ६.

घाटमाथा

अडॅप्टरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. एसटीची प्लेट म्हणजे गोल भोकं, त्यात एलसी बसत नाही. प्लेटच बदलावी लागते. जुन्या एलआययूची प्लेट स्क्रूने सुटत असेल तर एससी सिंप्लेक्सच्या (एका फायबरच्या) चौकोनी खाचांची प्लेट मागवा. एलसी डुप्लेक्स अडॅप्टर नेमका एससी सिंप्लेक्सच्या खाचेत बसतो, आणि एलसी क्वाड एससी डुप्लेक्सच्या खाचेत. म्हणजे ६ खाचांच्या प्लेटवर १२ कोअर मावतात. याच कारणाने पूर्ण एससी एलआययू एलसीवर नेताना तेवढ्याच जागेत दुप्पट पोर्ट मिळतात. प्लेट सुटी होत नसेल तर नवा एलआययूच घ्या. पत्र्याला ड्रिल मारण्यात वेळ घालवू नका, भुसा अडॅप्टरमध्ये जातो.

बाही कशाची आहे तेही बघा. जुन्या मल्टिमोड अडॅप्टरांत फॉस्फर ब्राँझ असायचं. नवे घेताना सिरॅमिकची बाही असलेले घ्या, पुढे सिंगलमोडलाही चालतात.

आणि एसटीचा अडॅप्टर ठेवून त्यात एसटी-एलसीचा छोटा हायब्रिड अडॅप्टर लावणं टाळा. २.५ आणि १.२५ मिलिमीटरच्या दोन फेरुलांना (फायबर धरणारी कनेक्टरची पुढची नळकांडी) एकाच बाहीत समोरासमोर आणायचं असतं, तिथे थोडी ढिलाई राहतेच. मोजणीसाठी ठीक, कायमसाठी नको. तशी गरज पडली तर एसटी-एलसी पॅच कॉर्ड बरी, कारण तिच्या दोन्ही टोकांना आपापली नेहमीची बाही मिळते.

जोडकाम

आता पिगटेलचा क्रम, ऑफिसच्या टोकासाठी.

ट्रेतल्या प्रत्येक जुन्या संरक्षक नळीवर कोअरचा क्रमांक मार्करने लिहा, मगच कापा. रंगाचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिरोजी. जुन्या केबलीत राखाडी आणि पांढरा ओळखताना चूक होते, जेलने पांढरा मळलेला असतो. दिव्याखाली पुसून बघा.

जुन्या जोडाच्या दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे कापा. जुनी नळी सोलून तोच जोड वाचवायचा प्रयत्न करू नका.

नवी नळी आधी कोअरवर ओवा. हे विसरलात तर जोड झाल्यावर तो तोडण्यावाचून उपाय नाही. बारा जोडांत एकदा तरी हे होतं, म्हणून नळ्या जादा सांगितल्या.

९०० मायक्रॉनचा बफर एका दमात काढू नका, १०-१५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी काढा. थंडीत किंवा एसी खोलीत जुना बफर कडक होतो. स्ट्रिपरखाली हिसका बसला तर कोअर आतच तुटतो. त्यानंतर २५० चं कोटिंग, मग अल्कोहोलने पुसणं. पुसताना कुरकुर आवाज आला की काच स्वच्छ. त्यानंतर बोट लावायचं नाही आणि कापल्यावर पुन्हा पुसायचंही नाही.

मशीनवर मल्टिमोडचा प्रोग्रॅम निवडा. सिंगलमोडच्या प्रोग्रॅमवर ६२.५ चा कोअर जोडू नका. कामाच्या जागी पोहोचल्यावर एकदा आर्क कॅलिब्रेशन (काच वितळवणाऱ्या ठिणगीची ताकद जुळवणं) करा, विशेषतः मशीन गाडीतून आणलं असेल आणि हवा बदलली असेल तर. कापाचा कोन एक अंशाच्या आत यायला हवा. मशीन दीड-दोन अंश दाखवत असेल आणि तुम्ही "चालेल" म्हणून बटण दाबलंत तर तो जोड पुन्हा करावा लागणार हे गृहीत धरा.

नळी सरकवताना दोन्ही बाजूंचं कोटिंग नळीच्या आत किमान १० मिलिमीटर जायला हवं. उघडी काच नळीच्या टोकाला आली तर ट्रेमध्ये दाबताना तिथेच तुटते. गरम झाल्यावर नळीत बुडबुडा दिसला तर तिथे अल्कोहोल किंवा ओल राहिली होती.

डेसिबल

पिगटेलबद्दल जोडकाम यांनी "६२.५ चे" लिहिलंय, त्याकडे लक्ष द्या. ओएम१ आणि ओएम२ दोघांचं जॅकेट नारिंगी असतं, रंगावरून कळत नाही. अंगावर ६२.५/१२५ छापलेलं वाचूनच घ्या. दुकानात "मल्टिमोड एलसी पिगटेल" म्हणून सहसा ५० मायक्रॉनचा फिरोजी ओएम३ हातात येतो.

५० चा पिगटेल चुकून लागला तर मशीन काही सांगणार नाही. दोघांची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉनच, त्यामुळे स्क्रीनवर ०.०२ डीबी दिसेल आणि सगळं उत्तम वाटेल. पण ६२.५ मधून ५० मध्ये शिरताना प्रकाशाचा मोठा भाग बाहेर पडतो. पूर्ण भरलेल्या गाभ्यासाठी हिशोबाने तोटा सुमारे ४.७ डीबी. एसएक्स मॉड्यूलमधला लेझर गाभा पूर्ण भरत नाही म्हणून प्रत्यक्षात तो कमी दिसतो, पण तुमच्या बजेटमध्ये (लिंकला चालणारा कमाल तोटा) तेवढीही जागा नाही.

घाटमाथा

म्हणजे पॉवर मीटरने एका दिशेने मोजलं तर वाईट, उलट दिशेने चांगलं येईल ना? ५० मधून ६२.५ मध्ये जाताना तोटा होत नाही.

डेसिबल

एकट्या त्या जोडापुरतं तसं आहे, पूर्ण लिंकवर नाही. समजा ऑफिसच्या टोकाला ५० चा पिगटेल लागला. ऑफिसकडून प्रकाश सोडला तर तुमच्या ६२.५ च्या टेस्ट कॉर्डमधून पिगटेलमध्ये जाताना, म्हणजे कनेक्टरवर, तोटा होतो. प्लँटकडून सोडला तर केबलमधून पिगटेलमध्ये जाताना, म्हणजे जोडावर, होतो. दोन्ही दिशांनी एकूण आकडा वाईटच येतो, फक्त जागा बदलते. म्हणून मीटरवरून चूक ओळखता येत नाही, ओटीडीआरवर (फायबरच्या लांबीवर कुठे किती तोटा ते रेघेने दाखवणारं यंत्र) येते. एका बाजूने त्या जोडापाशी रेघ वर उडते, जणू प्रकाश वाढला. दुसऱ्या बाजूने त्याच जागी खोल खड्डा दिसतो. असं दिसलं की जोड पुन्हा करत बसू नका, पिगटेलवरचं छापील वाचा.

आता तुमचं बजेट. एसएक्सला ओएम१ वर २७५ मीटरसाठी एकूण २.६० डीबी मिळतात. तुमची केबल १८० मीटर, ८५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ३.५ डीबी धरून ०.६३. टीआयए या अमेरिकी मानकसंस्थेच्या कमाल मर्यादेने दोन कनेक्टर जोड्या प्रत्येकी ०.७५ म्हणजे १.५०, आणि दोन स्प्लाइस प्रत्येकी ०.३ म्हणजे ०.६०. बेरीज २.७३. म्हणजे प्रत्येक जोड "पास" असला तरी लिंक बजेटबाहेर जाऊ शकते. म्हणून मर्यादेवर पास होणारं काम तुम्हाला पुरणार नाही. कनेक्टर ०.३ च्या आसपास आणि स्प्लाइस ०.१ च्या आत ठेवा. मग बेरीज १.४३ येते आणि हाताशी डीबीभर शिल्लक राहतो. मधे आणखी एक पॅच पॅनेल घालायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

रॅक_सात

प्लँटच्या टोकाला मेकॅनिकल की स्प्लाइस-ऑन? तिथे ट्रे नाही, रॅक कंप्रेसरच्या खोलीजवळ आहे, उष्णता आणि थरथर दोन्ही. आणि बाजारात स्वस्त फास्ट कनेक्टर पाकिटाने मिळतात, ते चालतील का?

जोडकाम

ते फास्ट कनेक्टर घरोघरीच्या इंटरनेटच्या सिंगलमोड ड्रॉप केबलसाठी असतात. ज्यांच्या आत ९ मायक्रॉनच्या काचेचा तुकडा असतो त्यांच्यामागे ६२.५ चा कोअर लावलात तर प्रकाश जवळजवळ विझतोच. तुमच्या कामाला ते नकोत.

तुमच्या जागी मी स्प्लाइस-ऑन घेईन. फेरुलमध्ये कारखान्यात घासलेला छोटा फायबर आधीच असतो, त्याचं मागचं टोक तुमच्या कोअरशी मशीनवर वितळवून जोडायचं आणि जोड बुटाच्या आत लपतो. ट्रे लागत नाही. लागणाऱ्या गोष्टी अशा: त्या कनेक्टरच्या मापाचा मशीन होल्डर (प्रत्येक कंपनीचा वेगळा), त्याच कंपनीची आखूड नळी, आणि नळीचा सगळा भाग गरम होईल असा हीटर. भाड्याचं मशीन घेताना "एलसी होल्डर आहे का" हे फोनवरच विचारा. मशीन आलं पण होल्डर नाही, तर दिवस वाया जातो.

बूट, स्प्रिंगचा मागचा भाग, नळी या सगळ्या गोष्टी क्रमाने आधी ओवाव्या लागतात. एक राहिला की कनेक्टर गेला. पहिला कनेक्टर बसवण्याआधी सगळे भाग चटईवर ओळीने मांडा.

३०-३५ सेंटीमीटर लूप पुरतो, पण मशीन एलआययूच्या उंचीला आणावं लागेल. रॅकमध्ये खाली एक शेल्फ सोडा किंवा मजबूत स्टूल वापरा. मशीन हातात धरून जोड करू नका.

घाटमाथा

मेकॅनिकलची बाजूही लिहितो, कारण अनेक ठिकाणी मशीन मिळतच नाही.

कॉर्निंगचा युनिकॅम किंवा पॅनड्युइटचा ऑप्टिकॅम यांसारख्या कनेक्टरांत फेरुलचं तोंड कारखान्यातून घासून येतं आणि आत जेलमध्ये तुमचा कोअर त्या तुकड्याला टेकतो. कॅम फिरवला की तो घट्ट पकडला जातो. लागतं काय: त्या कंपनीचं बसवायचं हत्यार, चांगला क्लिव्हर आणि लाल लेझर. ओएम१ साठी ६२.५ चाच कनेक्टर मागवा, ५० चा नाही. डेसिबल यांनी पिगटेलबद्दल जे सांगितलं तेच इथेही लागू.

लाल प्रकाश मागून सोडला की कॅम फिरवण्याआधी कनेक्टरच्या मधल्या भागात लख्ख चमक दिसते. कॅम फिरवल्यावर ती जवळजवळ मावळली तर काच काचेला टेकली. चमक तशीच राहिली तर कोअर आत पूर्ण गेलेला नाही, किंवा काप वाकडा आहे, किंवा काचेवर कोटिंगचा कण आहे. कोअर आत ढकलताना मागे हलकी कमान दिसायला हवी आणि कॅम फिरवेपर्यंत ती तशीच राहायला हवी. हात सैल पडला की फट पडते. बिघडलेल्या कनेक्टरांत हे कारण मी सगळ्यात वर ठेवेन.

काही बनावटीत कॅम उघडून पुन्हा जोडता येतो, काहींत नाही. पाकिटावरचं वाचा. आणि कंप्रेसरशेजारी थरथर आणि उष्णता असेल तर जोडकाम म्हणतात तेच बरोबर, वितळवलेला जोड जास्त भरवशाचा.

नेटवर्कवाली

चिकटवून घासायची जुनी पद्धत कुणी सुचवण्याआधी: एसटीसाठी वापरलेली २.५ मिलिमीटरची घासायची चकती एलसीला चालत नाही, १.२५ ची वेगळी घ्यावी लागते. ३५३एनडीसारखा इपॉक्सी १५० अंशांना मिनिटभरात आणि १०० अंशांना १० मिनिटांत पिकतो, म्हणजे छोटी भट्टीही हवी. मग १२ मायक्रॉनची फिल्म हवेत धरून काचेचं टोक उतरवणं, पुढे ३, १ आणि ०.३ मायक्रॉनच्या फिल्मवर आठच्या आकड्यात घासणं. शेकड्याने कनेक्टर करणाऱ्याला परवडतं. बारा कनेक्टरांसाठी, तेही एलसीच्या बारीक फेरुलवर, नको. सिंगलमोडवर तर साइटवर हाताने घासूच नये, परतणाऱ्या प्रकाशाचा आकडा सांभाळता येत नाही.

रॅक_सात

ठीक, स्प्लाइस-ऑन. मोजणीसाठी काय भाड्याने आणू? आणि पावसाळ्यात काम करावं लागलं तर?

डेसिबल

क्रमाने.

मायक्रोस्कोप. २०० किंवा ४०० पट, १.२५ आणि २.५ मिलिमीटर दोन्ही टिपांसह. कॅमेऱ्याचा प्रोब मिळाला तर तो घ्या, डोळ्याने बघायचा जुना प्रकार चालू लिंकवर धोक्याचा आहे. ८५० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही. कनेक्टर लावण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही तोंडं बघायची. नव्या पिगटेलचंही. टोपी लावून आलेला कनेक्टर स्वच्छ असतो हा समज चुकीचा आहे, टोपीच्या आतला थर फेरुलवर बसतो.

क्लिक करून फिरणारे क्लीनर दोन: १.२५ चा एलसीसाठी, २.५ चा एसटी-एससीसाठी. २.५ चा क्लीनर एलसीच्या पोर्टात घुसवायला जाऊ नका.

प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर, ८५० आणि १३०० नॅनोमीटर. रेफरन्स (तुलनेसाठीचा शून्याचा आकडा) एका कॉर्डने घ्या. कॉर्ड ६२.५ ची, आणि ३ मिलिमीटरच्या जॅकेटची असेल तर १७ मिलिमीटरच्या दांड्यावर ५ वेढे द्या. ५० च्या कॉर्डला दांडा २२ मिलिमीटरचा. हे वेढे गाभ्याच्या कडेने धावणारा प्रकाश काढून टाकतात, नाहीतर आकडा खोटा वाईट येतो. स्रोताकडे नव्या पद्धतीची एनसर्कल्ड फ्लक्सची (प्रकाश ठरलेल्या मापात सोडण्याची) सोय असेल तर वेढ्यांची गरज नाही. रेफरन्स घेतल्यावर स्रोताच्या बाजूची कॉर्ड काढायची नाही. काढली तर रेफरन्स पुन्हा.

ओटीडीआरला १८० मीटरसाठी आखूड पल्स, ५ ते १० नॅनोसेकंद, आणि दोन्ही टोकांना १०० मीटरच्या लाँच केबल. त्या नसतील तर पहिला आणि शेवटचा कनेक्टर मशीनच्या आंधळ्या पट्ट्यात जातो आणि नेमकं तुम्ही बदललेलंच दिसत नाही.

जोडकाम

पावसाळ्याबद्दल. एसी खोलीतून मशीन थेट दमट हवेत नेलं की आरशावर आणि इलेक्ट्रोडवर दव धरतं, जोडाचा आकडा खालीवर होतो. पेटी बंद ठेवून अर्धा तास त्या जागी राहू द्या, मग उघडा आणि आर्क कॅलिब्रेशन करा. अल्कोहोलची बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतली ओल ओढून घेतं. बाहेरच्या चेंबरमध्ये जोड करायची वेळ आली तर छत्री पुरत नाही, बाजूंनी बंद तंबू हवा. वाऱ्याने आर्क हलतो.

जुन्या केबलच्या नळीत पाणी शिरलेलं असेल तर कापलेल्या टोकातून जेलबरोबर थेंब येतात. असं दिसलं तर ५० सेंटीमीटर मागे कापून बघा. तिथेही ओल असेल तर त्या केबलवर स्प्लाइस-ऑनचा खर्च करण्याआधी ओटीडीआरने पूर्ण लांबी तपासा.

नेटवर्कवाली

पोलॅरिटीचं, म्हणजे पाठवणारा कोअर समोरच्या घेणाऱ्याला मिळण्याचं राहिलं. एसटी सुटे असतात, लिंक पेटली नाही की लोक दोन टोकं अदलाबदल करून मोकळे होतात. त्यामुळे जुन्या एलआययूत कोणता कोअर पाठवणारा आणि कोणता घेणारा याला काही नियम उरलेला नसतो. एलसी डुप्लेक्समध्ये जोडी क्लिपने बांधलेली, तिथे हे चालत नाही. एका टोकाला १-२, ३-४ असे कोअर बसवा. दुसऱ्या टोकाला प्रत्येक जोडीत उलटे, म्हणजे २-१, ४-३. मग दोन्हीकडे नेहमीच्या ए-बी कॉर्ड चालतात. लाल लेझर प्रत्येक कोअरमध्ये सोडून दुसऱ्या टोकाला क्रमांक पडताळा, मगच लेबल चिकटवा.

एमपीओचा (एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर) विचार आत्ता करू नका. त्याचा फायदा ४० किंवा १०० गिगाच्या समांतर मॉड्यूलना, तेही ओएम३-ओएम४ किंवा सिंगलमोडवर.

रॅक_सात

शेवटचा प्रश्न. १२ कोअरपैकी दोन जोड्या जुन्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) फायबर-तांबं कन्व्हर्टरला जातात. कन्व्हर्टर १०० एमबीपीएसचे, एसटी पोर्टचे, आणि ते बदलायचे नाहीत. प्लँटच्या बाजूला त्या जोड्यांचे एसटी तसेच ठेवू? ऑफिसच्या बाजूला नवा स्विच आहे.

घाटमाथा

दोन्ही टोकांना एलसीच करा आणि कन्व्हर्टरजवळ एलसी-एसटी पॅच कॉर्ड लावा, ६२.५ ची. एकाच एलआययूत दोन जातींची भोकं ठेवलीत तर पुढच्या माणसाला प्लेट पुन्हा बदलावी लागते.

डेसिबल

कॉर्ड बसेल, पण ऑफिसच्या स्विचमध्ये एसएफपी कोणता घालताय ते बघा. १००बेस-एफएक्सचा कन्व्हर्टर १३०० नॅनोमीटरचा एलईडी वापरतो. समोर १ गिगाचा एसएक्स लावलात तर तो ८५० वर बोलतो आणि वेगही वेगळा. कनेक्टर कितीही चांगले असले तरी लिंक पेटणार नाही. १००बेस-एफएक्सचा मल्टिमोड एसएफपी घ्या, आणि स्विचच्या त्या पोर्टला १०० एमबीपीएस चालतं का हे त्याच्या माहितीपत्रकात तपासा. बऱ्याच नव्या स्विचच्या एसएफपी-प्लस पोर्टना ते चालत नाही. तसं असेल तर त्या दोन जोड्यांसाठी ऑफिसच्या बाजूला तांब्याच्या पोर्टवर एफएक्सचा छोटा कन्व्हर्टर लावा.